सरंजामेसाहेबांच्या गळाभेटी

आमचे सरंजामेसाहेब एकदा बोललेलं वाक्य पुन्हा जसंच्या तसं बोलत नसत. समोरच्याला ऐकू आलं नाही तर ते पुन्हा सांगत, पण वेगळ्या शब्दांत. ट्रामच्या कंडक्टरने "कोथाय?" असं विचारलं की ते म्हणत, "एस्प्लनेड." गर्दीत कंडक्टरला ते ऐकू जायचं नाही आणि तो पुन्हा विचारी. मग साहेब म्हणत, "जिथे तुमची ट्राम वळते आणि तुम्ही उतरून विडी ओढता, तिथे." यावर बाचाबाची ठरलेली. घरी "पाणी दे" हे काकूंना ऐकू गेलं नाही तर दुसऱ्या वेळी "घसा कोरडा पडलाय" आणि तिसऱ्या वेळी "माठ भरलेला दिसतोय" असं येई. काकू पहिली दोन वाक्यं मुद्दामच ऐकत नसाव्यात, अशी माझी आपली समजूत आहे. तिसरं वाक्य आलं की त्या माझ्याकडे बघून हसत आणि मग पाणी आणून देत.

लोक म्हणत, माणूस विक्षिप्त आहे. विक्षिप्त होतेच, पण ही धंद्याची सवय होती. कलकत्त्याला मैदानाच्या कडेला एका लष्करी इमारतीत आमचं ऑफिस होतं आणि साहेब तिथे सायफर विभागाचे सुपरिंटेंडेंट होते. साधा हुकूम घ्यायचा, पुस्तकं आणि कोष्टकं समोर ठेवून पेन्सिलीने त्याचे आकडे करायचे आणि ते आकडे बिनतारी यंत्रावरून पाठवायचे, हे त्या विभागाचं काम. एकच मजकूर शब्द न बदलता दोन निरनिराळ्या सायफरमधून पाठवणं हे या धंद्यातलं महापाप. शत्रूला त्यातलं एक सायफर वाचता येत असेल तर दुसरं त्याला आयतंच मिळतं. म्हणून मजकूर दुसऱ्यांदा पाठवताना वाक्यं फिरवायची. साहेबांनी हा नियम तीस-एक वर्षं इतका पाळला होता की तो ऑफिस सुटल्यावर सुटेना.

दुसरा नियम सुरुवातीचा. संदेशाची सुरुवात कधी ठरावीक नसावी. पलीकडून चोरून ऐकणाऱ्याला तुमचा पहिला शब्द आधीच ठाऊक असला तर त्याच्या हाती अर्धी किल्ली आली. त्यामुळे साहेब फोनवर कधी "हॅलो" म्हणत नसत. फोन उचलला की एकदम "तर मग भाताचं काय ठरलं?" असं काहीतरी कानावर आदळे. मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीचं ध्रुपद पहिल्यांदा आलं की ते खड्या आवाजात म्हणत, आणि पुढच्या प्रत्येक कडव्याला ते परत आलं की ओठ मिटून नुसत्या टाळ्या वाजवत. एकदा कुणीतरी त्यांना त्याबद्दल टोकलं. साहेब म्हणाले, "देवाला एकदा ऐकू आलंय."

मी पुण्याहून बदलून आलेला, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातला टेक्निकल असिस्टंट. साहेबांच्याच गल्लीत, भवानीपूरला, मला जागा मिळाली. पहिल्याच रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ओसरीवर एक बंगाली गृहस्थ बसले होते आणि सिलिगुडीहून निघालेलं पार्सल पोचलं नाही म्हणून साहेबांना फैलावर घेत होते. साहेब खाली मान घालून ऐकत होते. नंतर काकूंनी खुलासा केला. नवरा नेमकं काय काम करतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेजारणींनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पत्रव्यवहाराचं काम आहे." त्यावरून गल्लीने ठरवलं की सरंजामेबाबू पोस्टात मोठ्या हुद्द्यावर आहेत.

"मग तुम्ही खरं का सांगत नाही?" मी विचारलं.

"पोस्टात नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग कुठे?" साहेब म्हणाले. "तो प्रश्न नको."

तेव्हा साहेब रजा टाकून पोस्टाच्या रांगेत उभे राहात आणि गल्लीची हरवलेली पार्सलं शोधून आणत. हळूहळू त्यांचा इतका लौकिक झाला की दोन गल्ल्या पलीकडचे लोकही येऊ लागले. खऱ्या पोस्टमास्तरने एवढी सेवा केल्याचं मी ऐकलेलं नाही.

सत्तरच्या सुमाराला दिल्लीहून नवी यंत्रं आली. करड्या रंगाच्या कपाटाएवढं धूड, त्याला टेलिप्रिंटर जोडलेला. एका बाजूने साधा मजकूर टाइप करायचा, दुसऱ्या बाजूने तो आपोआप सायफर होऊन बाहेर. पुस्तकं नको, कोष्टकं नको, खोडरबर नको. रोज सकाळी एक नवीन किल्लीचं कार्ड आत सरकवलं की झालं. यंत्राबरोबर एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याने फळ्यावर गणित मांडून आम्हाला पटवलं की हे सायफर फोडायला शत्रूला कित्येक पिढ्या लागतील.

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कपाटाचं झालं. पालबाबूंना फोडायला किती वेळ लागेल?"

पालबाबू हे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, कलकत्त्याबाहेर बजबजला नदीकाठच्या शेडमधल्या केंद्रावर असत. इंजिनिअरला प्रश्नच कळला नाही. त्याला वाटलं पालबाबू हे दुसऱ्या एखाद्या यंत्राचं नाव आहे.

यंत्राला गारवा लागे, म्हणून त्याच्या खोलीला वातानुकूलन आलं. असं भाग्य इमारतीत एकट्या ब्रिगेडियरसाहेबांचं होतं. परिणाम असा झाला की एरवी सायफरच्या खोलीपासून लांब पळणाऱ्या ऑपरेटरांना तिथेच डबा खावासा वाटू लागला आणि त्या अतिगुप्त खोलीत सरसो-इलिशचा, म्हणजे मोहरीतल्या माशाचा, वास मुक्कामाला आला. वीज गेली की मात्र सगळा डौल संपे. मग साहेब कपाटातून जुनी पुस्तकं काढत आणि मेणबत्ती लावून पेन्सिलीला टोक करत. तसं करताना त्यांचा चेहरा फुलून येई, हे मला कबूल केलं पाहिजे.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. बंगालमध्ये त्या दिवशी प्रत्येक यंत्राची पूजा होते, मग ते कापसाचं असो की छापखान्याचं. आमचा तरुण ऑपरेटर मित्रा हटून बसला, पूजा झाल्याशिवाय नव्या यंत्राला हात लावणार नाही. साहेबांची पूजेला ना नव्हती, पण पुरोहिताला त्या खोलीत शिरायचा परवाना नव्हता आणि तो काढायचा तर दिल्लीला कागद जाऊन वर्ष गेलं असतं. शेवटी साहेबांनीच तोड काढली. पुरोहिताला दाराबाहेर, यंत्राकडे पाठ करून बसवलं. फुलं त्याने खांद्यावरून मागे टाकायची आणि आत उभ्या असलेल्या मित्राने ती झेलून यंत्रावर वाहायची. मंत्रात नाव घालायचं म्हणून पुरोहिताने यंत्र कसलं आहे ते विचारलं.

"एक यंत्र आहे," साहेब म्हणाले.

"पण करतं काय?"

"आवाज," साहेब म्हणाले. आणि पुरोहिताने पुन्हा विचारल्यावर, "गरमही होतं."

गंमत पुष्कळ झाली, पण साहेबांच्या डोक्यात एकच चिंता होती आणि ती मला बजबजच्या गाडीत कळली. बजबजला दुसरं यंत्र बसवायचं होतं म्हणून आम्ही दोघं माझेरहाटहून लोकल पकडून निघालो होतो. डबा रिकामा होता. साहेब खिडकीबाहेर बघत होते आणि मध्येच बोलू लागले, नेहमीप्रमाणे सुरुवात गाळून.

"घाई होती हो. नाहीतर मी केलं नसतं."

बऱ्याच वर्षांपूर्वी ते डोंगरातल्या एका ठाण्यावर होते. रसदीच्या गाड्यांचा ताफा निघायचा हुकूम दोन ठाण्यांना कळवायचा होता. एका ठाण्याकडे नवीन कोष्टकं होती, दुसऱ्याकडे अजून जुनीच. साहेबांनी वाक्य न फिरवता तोच मजकूर दोन्हींतून पाठवला. ताफ्याची वाटेत कुणीतरी वाट बघत होतं. त्यातले थोडेच परत आले.

"तुमच्यामुळेच झालं असं कशावरून?" मी म्हटलं.

"नसेलही. चौकशीत तसं काही निघालं नाही." ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. "मी विचारायला गेलो असतो तरी कुणी सांगितलं नसतं. आमच्या धंद्यात तसंच असतं."

त्या माणसाची आम्ही इतकी थट्टा करत असू, आणि त्याच्या त्या वाक्यं फिरवण्यामागे हे होतं. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी त्यांची थट्टा थांबवली असं नाही, पण तिच्यातली धार गेली.

आता खरी परीक्षा होती. पूर्वेच्या सरहद्दीवर तेव्हा चुळबुळ सुरू झाली होती आणि आमची जुनी पुस्तकं पलीकडे वाचली जात असावीत असा वरच्यांना दाट संशय होता. नवी यंत्रं सगळ्या ठाण्यांना द्यायची की नाही हे कलकत्ता-बजबज मार्गावर ठरणार होतं. दिल्लीची एक तुकडी शहरात कुठेतरी लपून बसणार, दोन आठवडे आमचे संदेश चोरून ऐकणार आणि ते फोडायचा प्रयत्न करणार. त्यांना एक जरी संदेश वाचता आला तरी यंत्रं परत जाणार आणि ठाणी आणखी काही वर्षं जुन्या पुस्तकांवर राहणार. म्हणजे पुन्हा ताफे निघणार आणि पुन्हा कुणीतरी वाटेत वाट बघत बसणार. साहेबांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ही परीक्षा गेली तर दुसरी त्यांच्या हातून होणार नव्हती.

या दोन आठवड्यांची तारीख दिल्लीने काढली होती. दिल्लीत बसलेल्या माणसाला दुर्गापूजा म्हणजे एक सुट्टी एवढंच माहीत, त्यामुळे ती तारीख नेमकी पूजेच्या दिवसांवर आली.

साहेबांनी आधी वरपासून सुरुवात केली. आमच्या ब्रिगेडियरसाहेबांचा प्रत्येक संदेश "मला हे कळवण्यात समाधान वाटते" असाच सुरू होई, मग पूल वाहून गेल्याची बातमी असली तरी. साहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सर, आपलं समाधान दोन आठवडे बंद ठेवावं लागेल."

ब्रिगेडियरसाहेब चक्रावले, पण कारण कळल्यावर बिचारे तयार झाले. पुढच्या संदेशापासून ते इतक्या चित्रविचित्र सुरुवाती करू लागले की बजबजला पालबाबूंना वाटलं, ब्रिगेडियरसाहेबांना ताप आला असावा.

खरा घोळ ऑपरेटरांचा होता. दशमीला देवीचं विसर्जन झालं की बंगाली माणूस विजया करतो. थोरांच्या पाया पडायचं, बरोबरीच्यांना कोलाकुली म्हणजे गळाभेट, तीही तीनदा, एकदा या खांद्याला, एकदा त्या आणि पुन्हा या; आणि हातावर नारळाचा लाडू ठेवायचा. जे दूर असतील त्यांना कळवायचं. आमचे ऑपरेटर वर्षानुवर्षं विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बिनतारीवरून एकमेकांना विजया कळवत आले होते. जो तो प्रत्येकाला, त्याच त्या शब्दांत, आणि जुन्या सायफरमधून कळवून झालं की हौसेने नव्यातूनही कळवणार. साहेबांच्या दृष्टीने हे घराच्या दाराला किल्ली लावून ठेवून वर घंटा वाजवण्यासारखं होतं.

त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, यंदा बिनतारीवर विजया नाही. मग बजबजहून मुद्दाम आलेले पालबाबू उभे राहिले.

"सार, बिजोया नेही कोरेगा तो अमंगल होगा," ते म्हणाले. "बुढ़ा लोग का प्रणाम नेही लेगा? साल भर मुँह कैसे देखायेगा?"

"बत्तीस शब्दांचा हुकूम काढीन," साहेब माझ्या कानाशी मराठीत पुटपुटले, "पण हा माणूस ऐकणार नाही." आणि त्यांचं खरंच होतं. हुकमाने विजया थांबत नाही. त्यांनी समोर बसलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "विजया होईल. मी पोचवीन."

"क्या पहुँचायेगा सार?"

"सगळं. प्रणाम, लाडू, आणि ते दुसरं." गळाभेट हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. हा माणूस स्वतःच्या बायकोपासूनही चारचौघांत दोन हात लांब उभा राही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. काकूंनी नारळाचे लाडू करून दिले होते. कशासाठी ते त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. माझ्या हातात लाडवांचा डबा, साहेबांच्या डोक्यात सगळ्यांचे निरोप. कागदावर लिहून घेणं त्यांना अर्थातच मंजूर नव्हतं. गाडीत ते डोळे मिटून पुटपुटत होते. "मित्राकडून तिघांच्या पाया. घोषालकडून गळाभेट, पण पालबाबूंना ढिली."

आमच्या ऑफिसातला ऑपरेटर घोषाल आणि पालबाबू यांचा फुटबॉलवरून अबोला होता. घोषालने साहेबांना बजावलं होतं, विजया आहे म्हणून करायची, पण जास्त आवळू नका.

नदीकाठच्या त्या शेडपुढे पाच-सहा माणसं नव्या धोतरांत रांगेने उभी होती. साहेबांनी कोट काढला, माझ्याकडे दिला आणि समोर जाऊन पालबाबूंच्या पायाला हात लावला.

"हे मित्राचं."

पालबाबूंनी घाबरून मागे उडी मारली. सुपरिंटेंडेंट पाया पडतोय म्हटल्यावर नोकरी गेलीच असं त्यांना वाटलं. साहेब पुढे सरकले, पालबाबू मागे सरकले. असे ते जवळजवळ नदीपर्यंत गेले. शेवटी मीच ओरडलो की पाया मित्रा पडतोय, साहेब नव्हेत. तेव्हा कुठे पालबाबूंनी डोळ्यांत पाणी आणून आशीर्वाद दिला. मग गळाभेटी सुरू झाल्या. उजवा खांदा, डावा खांदा, पुन्हा उजवा. "हे बॅनर्जींकडून." पुन्हा तीनदा. घोषालची पाळी आली तेव्हा साहेबांनी पालबाबूंना इतक्या ढिलेपणाने धरलं की मध्ये आणखी एक माणूस मावला असता. पालबाबूंनी लगेच ओळखलं.

"घोषाल?" त्यांनी विचारलं. साहेबांनी मान डोलावली. पालबाबूंनी क्षणभर विचार केला आणि साहेबांना असं करकचून आवळलं की त्यांच्या खिशातल्या चष्म्याची काडी मोडली. "ये उसको देना," ते म्हणाले.

आणि हे सगळं चालू असताना साहेब प्रत्येकाला निराळ्या शब्दांत शुभेच्छा देत होते. बिनतारीवर नाही, समोरासमोर आहोत, इथे कोण चोरून ऐकणार. पण सवय ती सवय. "शुभ विजया" पहिल्याच माणसावर खर्च झालं. मग देवी प्रसन्न होवो, मग मुलांना यश मिळो, मग घराला रंग लागो. त्यांची बंगाली आधीच तोळामासा. शेवटच्या माणसापाशी पोचेपर्यंत सगळे शब्द संपले होते. साहेब त्याच्याकडे बघत घामाघूम उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं पोट बरं राहो." एवढा मनापासूनचा आशीर्वाद आजवर कुणी दिला नव्हता, असं त्या माणसाने पुढे कित्येकांना सांगितलं.

दुपारी आम्ही परत आलो आणि बजबजच्या बाजूचं सगळं इकडच्यांना पोचवलं. पालबाबूंची ती करकचून मिठी साहेबांनी घोषालला जशीच्या तशी दिली. घोषालने चुरगळलेला सदरा नीट केला. मग म्हणाला, "बूढ़ा अच्छा है."

दोन आठवडे संपले. दिल्लीच्या तुकडीचा प्रमुख, एक तिरसट कर्नल, आमच्या ऑफिसात आला. ब्रिगेडियरसाहेब, साहेब आणि मी, एवढेच खोलीत होतो. मी यंत्राच्या बाजूचा म्हणून मला बोलावलं होतं. साहेबांच्या मोडलेल्या चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला होता आणि त्यांची बोटं त्या दोऱ्याशी सारखी चाळा करत होती.

"एकही शब्द वाचता आला नाही," कर्नल म्हणाला. बातमी आनंदाची होती, पण त्याच्या तोंडावर चोरी झाल्यासारखा भाव होता. "आम्ही दशमीची वाट बघत होतो. इतके बंगाली ऑपरेटर, विजया कळवल्याशिवाय राहणार नाहीत. तो मजकूर धरून आम्ही सगळी तयारी करून बसलो होतो. काही जुळेचना. यंदा तुमच्याकडे विजया झाली नाही का?"

"झाली," साहेब म्हणाले.

"कशी?"

"ते सांगता येणार नाही."

कर्नलने ब्रिगेडियरसाहेबांकडे पाहिलं. ब्रिगेडियरसाहेब म्हणाले, "मला हे कळवण्यात समाधान वाटते," आणि पुढे त्यांना हसूच आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत. ते यंत्राच्या खोलीत गेले. मी मागून गेलो तेव्हा ते स्टुलावर बसून रडत होते. मला पाहून त्यांनी डोळे पुसायचाही प्रयत्न केला नाही. "आता गाड्या निघतील तेव्हा," ते म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही.

यंत्रं सगळ्या ठाण्यांना गेली. साहेब निवृत्त झाले. पुढल्या हिवाळ्यात पूर्वेला लढाई झाली आणि संपली. त्या दिवसांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कारण सगळे हुकूम त्या करड्या कपाटांतून जात होते.

लढाई संपल्यावर एका रविवारी गडियाहाटच्या बाजारात साहेब भेटले. बरोबर काकू होत्या, पिशवीतून फुलकोबी डोकावत होती. मुलीची परीक्षा संपली की पुण्याला जायचं, सामान बांधायला घेतलंय, असं काकू सांगत होत्या. काकू खजुराच्या नोलेन गुळाचा भाव करायला पलीकडे वळल्या तसे ते माझ्या अगदी जवळ आले. ते थकलेले दिसत होते.

"गाड्या," ते म्हणाले. "पोचल्या का हो सगळ्या?"

मला उत्तर ठाऊक होतं. पण ते आता बाहेरचे झाले होते आणि त्यांना काही सांगायचा मला अधिकार नव्हता. त्यांच्याच हाताखाली शिकलेलं होतं मी. मी रस्त्याकडे बघत राहिलो. माझी जीभ शिवशिवत होती. माझ्या तोंडाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, काही सापडतंय का ते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काही मिळालं नसावं.

"शाब्बास, दिघे," ते म्हणाले. मग काकूंच्या हातातली पिशवी घेऊन ते गर्दीत शिरले. ते मला पुन्हा दिसले नाहीत.

सगळ्या पोचल्या होत्या, साहेब. एकूण एक.